आधी चमचा, मग नाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला, फोटो पाहिले. चांदीच्या चमच्यावरचा कारागिराच्या नावाचा ठसा छान टिपलायस, 'जे. मोल्टन' स्पष्ट वाचता येतं. हा मोल्टन नेमका कोणता, असं विचारलंयस. पण चमचा कुठाय? कारागिरांच्या यादीत जोसेफ मोल्टन एकापेक्षा जास्त निघाले म्हणून तू गोंधळलीस आणि त्यातला सगळ्यात जुना खरा निघावा असं तुला मनातून वाटतंय. मला कळतं ते. मलाही कायम जुनाच हवा असायचा.

मोल्टन हे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टचं चांदीकाम करणारं घराणं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात ना, तसंच त्यांचं. जोसेफ आणि विल्यम ही नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. विल्यमच कितीतरी झाले, त्यातला एक १७७२ ते १८६१ असा जगला. अशा घराण्यात नुसत्या नावावरून माणूस सापडत नाही. म्हणून सांगतो, आधी चमचा बघ, नाव शेवटी वाच.

तुझ्या दुसऱ्या फोटोत कपाशेजारी तो चमचा अर्धवट आलाय. मी त्यावरच भिंग धरून बसलो. दांड्याचं टोक व्हायोलिनसारखं रुंद आहे आणि खाली, वाटीच्या जरा वर, दोन्ही कडांना खांदे निघालेत. हा फिडल घाट. अमेरिकेत तो १८१० च्या सुमारास रूढ झाला आणि यादवी युद्धापर्यंत चालला. शिवाय तू जाता जाता लिहिलंयस की नावाशेजारी 'कॉइन' असंही काहीतरी आहे. काहीतरी नाही गं, तीच तर साक्ष आहे! नाण्याच्या कसाची चांदी, असा त्याचा अर्थ. १८३७ च्या कायद्याने तिथल्या नाण्यातली चांदी हजारात ९०० भाग ठरली. आणि हा शब्द उमटवायची पद्धत साधारण १८३० नंतरची. म्हणजे जुने जोसेफ बाद. राहिला शेवटच्या पिढीतला. तोही घडवणारा होता की नुसता विकणारा, हे ठसा सांगत नाही. त्या काळी दुकानदार दुसऱ्याकडून चमचे घेऊन त्यावर आपलं नाव मारत.

इंग्लंडसारखी सरकारी कस-तपासणी अमेरिकेत नव्हतीच, अपवाद फक्त बाल्टिमोरचा, तोही १८१४ ते १८३० एवढाच. त्यामुळे सिंह, गरुड, चेहरा असलं काही दिसलं तरी सरकारी शिक्का समजून भुलू नकोस. गोरहॅम ही तिथली चांदीकामाची कंपनीसुद्धा सिंह आणि जहाजाचा नांगर वापरायची.

आता माझं सांगतो. या नादात नवीन होतो तेव्हा एक जुना चमचा घेतला. दांड्याचं टोक वर वळलेलं, मागच्या बाजूला तीन अक्षरं कोरलेली, वर एक, खाली दोन. १७६० च्या आसपासपर्यंत टोक असं वर वळलेलं असे आणि चमचा पालथा ठेवत, म्हणून अक्षरं मागे. वरचं अक्षर आडनावाचं, खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त कारागिराचा ठसा दिसत होता, तोही झिजलेला. परक्याची अक्षरं कशाला ठेवायची म्हणून एका कारागिराकडून ती बफवर, म्हणजे चकाकी आणायच्या फिरत्या चाकावर, घासून घेतली. पुढे एका जाणत्या बाईंनी चमचा हातात घेतला, टोकावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "इथे काय होतं?" ती अक्षरं असती तर जोडपं शोधता आलं असतं, जोडप्यावरून गाव, गावावरून कारागीर. मी घरी येऊन रात्रभर आठवत बसलो. वरचं अक्षर एच होतं की के, आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून नुसत्या ठशाचा फोटो आला की मी उत्तर देत नाही. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. नाव सांगायला एक मिनिट लागतं, आणि नाव मिळालं की माणूस चमचा बघायचं सोडून देतो. मी स्वतः सोडलं होतं. तुझ्यावर चिडलो ते त्यासाठीच. तुझी नजर चांगली आहे, ती यादीत वाया घालवू नकोस.

घासू नकोस, बुडवायच्या द्रावणात तर मुळीच घालू नकोस. काळवंडलेला आहे तसाच राहू दे. खिडकीपाशी तिरक्या उजेडात धर, ठशावर तोंडाची वाफ सोड, वाफ उडता उडता बुजलेली रेघही क्षणभर उठून दिसते. मग पूर्ण फोटो पाठव: पुढून, मागून, कडेने, आणि वाटीच्या पाठीचा जोड. दांड्यावर अक्षरं असतील तर ती आधी. वजन ग्रॅममध्ये, लांबी पट्टीने मोजून.

शनिवारी येणार असशील तर तो माझा चमचा काढून ठेवतो. टोकाजवळ चांदी जराशी पातळ लागते, बोटाला कळते.

तुझा,
काका