खर्च कोण भरतं, ते आधी बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात खर्चकपातीच्या समितीवर नेमणूक झाली आणि पहिल्याच बैठकीत "सह्या कमी करा, माणसं कमी करा, अर्ज ऑनलाइन करा" अशी यादी हातात पडली. यातलं आधी काय हाती घेऊ, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर ती यादी आठवडाभर बाजूला ठेव. एक फाईल निवड आणि ती जाईल तिकडे तिच्या मागे जा.

मी अंतर्गत लेखापरीक्षणात नवी होते तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यात पंपाचं सील गळायला लागलं. तळहातावर मावेल एवढी वस्तू. मागणीपत्र निघालं आणि सील प्रत्यक्ष हातात पडायला २३ दिवस लागले. मी ती फाईल मागवून घेतली. प्रत्येक टेबलावर ती कधी आली आणि कधी हलली, याच्या तारखा एका कागदावर उतरवल्या. सह्या ७ होत्या. ज्यांनी ज्यांनी सही केली, त्यांना मी जाऊन विचारलं की वाचायला किती वेळ लागला. सगळ्यांची मिनिटं मिळवली तर पाऊण तासही भरेना. त्या २३ दिवसांतले ९ दिवस फाईल एकाच ट्रेमध्ये पडून होती. साहेब दौऱ्यावर होते आणि त्यांच्या मागे सही कोणी करायची, हे कधी ठरलेलंच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. चौथी सही करणारे म्हणाले, "वर बघतातच, म्हणून मी करून टाकतो." वरचे म्हणाले, "खालून तपासूनच येतं." म्हणजे सह्या सात आणि तपासणी एकही नाही. तोवर फिटर प्रत्येक पाळीला गळतीखाली बादली लावत होता आणि फरशी पुसत होता. हिशेबाच्या वहीत फक्त सीलची किंमत आली. बादली, फरशी, २३ दिवस, हे कुठल्याच खात्यात नव्हतं.

ज्याला संस्थात्मक खर्च म्हणतात, तो हाच. वस्तू बनवायला लागतो तो उत्पादनखर्च. पण खात्रीचा माणूस शोधणं, अटी ठरवणं, करार लिहिणं, तो पाळला जातोय ना यावर नजर ठेवणं, नाही पाळला तर भांडणं, परवानगी मिळवणं, परवानगीची वाट बघणं, यालाही माणसांचे दिवस लागतात. अर्थशास्त्रात यातल्या बऱ्याच भागाला व्यवहारखर्च म्हणतात. तू कोणताही शब्द वापर, फक्त हा खर्च बहुतेक वेळा वहीच्या बाहेर असतो, एवढं धरून चाल.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसचं नाव तू अभ्यासक्रमात वाचलं असशील. तो विशीत असताना त्याला एक साधा प्रश्न पडला. बाजारात किमतीच सगळं जुळवून आणत असतील, तर कंपन्या कशाला लागतात? पगारी माणसं, व्यवस्थापक, हुकूम, हे सगळं का असतं? त्याचं उत्तर १९३७ मध्ये छापून आलं. बाजार वापरायलाही खर्च येतो, आणि काही कामांत तो इतका असतो की माणसं पगारावर ठेवून ते काम घरात करणं स्वस्त पडतं. घरातलाही खर्च असतोच, तो संस्था फुगते तसा वाढतो. ह्या दोन खर्चांचं जिथे जुळतं, तिथे कंपनीची हद्द ठरते. या विचाराला नोबेल मिळालं ते १९९१ मध्ये, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळाने. मला ही गोष्ट फार आवडते, कारण प्रश्न लहान मुलाने विचारावा तसा आहे.

तुझ्या यादीत "दुरुस्ती विभाग बंद करून काम कंत्राटावर द्यावं" असा एक मुद्दा आहे. तिथे कोसला आठव. पगाराचा आकडा खाली येईल, तो सगळ्यांना दिसेल. त्याच वेळी कामाचं मोजमाप, बिलावरचे वाद, "हे करारात नाही" असं म्हणून थांबलेलं काम, पाठपुराव्याचे फोन, हे सगळं जे लोक उरलेत त्यांच्या दिवसात शिरेल. ते कोणी मोजणार नाही. ऑलिव्हर विल्यमसनने, ज्याला २००९ चं नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉमबरोबर मिळालं, यात मोलाची भर घातली. एखादी यंत्रणा खास एकाच पुरवठादाराच्या सोयीने उभी केली की दोघं एकमेकांत अडकतात. निविदेच्या दिवशी दहा जण रांगेत असतात, सहा महिन्यांनी एकच उरतो, आणि अटी तो सांगतो. म्हणून कंत्राट देण्याआधी, हा माणूस उद्या बदलायचा झाला तर काय काय मोडावं लागेल, ते कागदावर लिहून काढ. तो कागद कोऱ्यासारखा राहिला तर खुशाल बाहेर दे.

आता एक उलटी बाजू. तिच्याकडे माझं स्वतःचं दुर्लक्ष झालं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सीलच्या प्रकरणानंतर मला वाटायला लागलं की प्रत्येक तपासणी म्हणजे अडथळा. पुढच्या एका ठिकाणी आलेला माल दोनदा मोजला जायचा, एकदा फाटकावर, एकदा भांडारात. मी फाटकावरची मोजणी काढायला लावली. गाड्या लवकर मोकळ्या व्हायला लागल्या, माझं कौतुक झालं. वर्ष संपताना साठा जुळेना. माल रस्त्यात कमी झाला की भांडारात, हे सांगता येईल असा एकही कागद उरला नव्हता. चोरी कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. संशय मात्र भांडारातल्या सगळ्यांवर राहिला, आणि त्यातली दोन चांगली माणसं सोडून गेली. ती मोजणी दोन टप्प्यांमधली जबाबदारी वेगळी करत होती. मी तिचं कारण न विचारता ती काढली. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

म्हणून "संस्थात्मक खर्च म्हणजे वाया गेलेला पैसा" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबव. जॉन वॉलिस आणि डग्लस नॉर्थ यांनी १९८६ मध्ये अमेरिकेचा हिशेब मांडला होता. बँका, विमा, वकील, दलाल, व्यापारी, कारकून, पर्यवेक्षक, अशा व्यवहार जुळवणाऱ्या कामांचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा १८७० मध्ये सुमारे पाव होता, १९७० पर्यंत तो निम्म्याच्या वर गेला. त्याच शंभर वर्षांत तो देश कितीतरी पटींनी श्रीमंत झाला. अनोळखी माणसाबरोबर दूरवरून व्यवहार करता यावा, यासाठी लागणारा विश्वास असा विकत घ्यावा लागतो. तो मिळाला की प्रत्येक जण आपापल्या एका कामात तरबेज होऊ शकतो.

याच्या शेजारी पेरूची राजधानी लिमा ठेव. १९८३ मध्ये तिथला अर्थशास्त्रज्ञ हर्नांडो दे सोतो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कपडे शिवण्याचा एक लहानसा कारखाना कायदेशीर नोंदवून बघायचं ठरवलं. सगळे कागद रीतसर पुरे करायला २८९ दिवस लागले. तिथली गरीब माणसं नोंदणीशिवाय धंदा का करत होती, ते या आकड्यावरून कळतं. आणि नोंदणी नाही म्हणजे कर्ज नाही, लेखी करार नाही, वाद झाला तर दाद नाही. अमेरिकेच्या उदाहरणात खर्चातून काहीतरी मिळत होतं. इथे अर्जदाराचे २८९ दिवस गेले आणि त्या दिवसांतून कोणाचा विश्वास वाढला नाही. कुठल्याही नियमासमोर उभं राहिल्यावर मी हाच फरक शोधते.

सार्वजनिक सेवांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, पण मला सगळ्यात जास्त तिथलंच बोलायचं आहे. कंपनीत खर्च ढकलला तर निदान तो दुसऱ्या विभागात सापडतो. कार्यालयातून नागरिकावर ढकललेला खर्च कायमचा दिसेनासा होतो. खिडकीवरची दोन माणसं कमी केली, अहवालात बचत आली. बाहेर चारशे माणसांची अर्धी अर्धी रजा गेली, ती कोणत्याच अहवालात नाही. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन या अभ्यासकांनी या ओझ्याचे तीन भाग सांगितले आहेत: योजना आहे हे कळण्याचे कष्ट, कागद जमवण्याचे कष्ट, आणि मनाला होणारा त्रास. तिसरा भाग आपण सहज विसरतो. आपण खोटं बोलत नाही, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लागणं माणसाला आतून लहान करतं. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडेच हेलपाटे घालायला सगळ्यात कमी दिवस असतात, आणि तोच आधी गळतो.

हे नुसतं हळवेपणाने म्हणत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज लांबलचक होता. एरिक बेटिंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. कमी उत्पन्नाची कुटुंबं करविवरण भरायला येत, तिथेच त्यांच्या विवरणातली माहिती वापरून काही मिनिटांत तो अर्ज भरून दिला. दुसऱ्या एका गटाला फक्त माहिती दिली, अर्ज भरून दिला नाही. अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्या गटात काहीच फरक पडला नाही. मदतीची रक्कम तीच, पात्रतेचे नियमही तेच होते. एका अर्जामुळे मुलं शिक्षणाबाहेर राहत होती. हा निबंध २०१२ मध्ये आला तेव्हा मी तो वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले होते. मी स्वतः किती अर्जांना मान्यता दिली होती, ते आठवत.

ऑनलाइन केलं की हे सुटतं, असं तुझ्या यादीत गृहीत धरलंय. जो कागद सरकारकडे आधीच आहे तोच पुन्हा स्कॅन करून चढवायला लावला, तर खिडकीवरची रांग घराघरात वाटली जाते, एवढंच.

आरोग्यसेवेत हे मोठ्या प्रमाणावर दिसतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेनुसार १९९९ साली अमेरिकेच्या आरोग्यखर्चातले ३१ टक्के प्रशासनावर जात होते, कॅनडात १६.७ टक्के. अनेक विमा कंपन्या, प्रत्येकीचे नियम वेगळे, आणि ते नियम सांभाळायला रुग्णालयांत, दवाखान्यांत बसवलेली माणसं. यातलं कोणीही कामचुकार नव्हतं. सगळे दिवसभर राबत होते, आणि अवघड जागा तीच आहे. कामसू माणसांनी भरलेली व्यवस्थाही महाग असू शकते, त्यामुळे माणसांवर ठपका ठेवून हाती काही लागत नाही.

मोजमापाबद्दल थोडंसं. समितीत लवकरच कोणीतरी निर्देशांक मागेल. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा अहवाल बरीच वर्षं देशांची क्रमवारी लावत होता, सरकारं त्या क्रमांकासाठी धडपडत होती. आकड्यांत गैरप्रकार आढळल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये तो बंद करावा लागला. दिवस जरूर मोज, पण बक्षिसं त्या आकड्याला बांधू देऊ नकोस. "७ दिवसांत निकाली" असं लक्ष्य दिलं की सहाव्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत पाठवला जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. अर्जदाराने पहिल्यांदा दार ठोठावलं त्या तारखेपासून मोज.

बैठकीत बोलायची वेळ आली तर आवाज चढवू नकोस. प्रत्येक प्रस्तावावर, हा खर्च आता कोण भरतं आणि उद्या कोण भरेल, एवढंच विचार. उत्तर देणाऱ्याला वेळ दे. पुष्कळदा तो स्वतःच थांबून विचार करायला लागतो. त्याला कोंडीत पकडायचं नसतं, तो पुढे आपल्या बाजूने हवा असतो.

पुढच्या पत्रात मला मतं नकोत. एका फाईलचा कागद पाठव: कोणत्या टेबलावर कधी आली, कधी हलली, आणि त्या दिवसांत दुसऱ्या टोकाला कोण वाट बघत होतं. त्या माणसाला जाऊन भेट आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही.

तुझी वाट बघते.

तुझी,
मावशी