सिग्नलला गाडी बंद करता, मग बॅटरी भरणार कधी?

प्रश्न: रोज दादर ते परळ मुलीला शाळेत सोडते, दर सिग्नलला इंजिन बंद. आता सकाळी नुसती टिकटिक होते. बॅटरी तर दीड वर्षाचीच आहे!

उत्तर: ताई, पेट्रोल वाचवायचा हेतू चांगलाच आहे, पण प्रत्येक स्टार्टला स्टार्टर मोटर क्षणभर शंभरच्या वर अँपिअर खेचते आणि तेवढं परत भरायला अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) गाडी थोडा वेळ नीट पळायला लागते, तुमचा पल्ला जेमतेम तीन किलोमीटरचा, त्यात एसी, हेडलाइट, पावसात वायपर चालू, मग भरणार कुठून? सतत अर्धी राहिलेली बॅटरी आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरते, मग नवी असली तरी दम टाकते.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरने मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे फुल, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसलं नाही तर अल्टरनेटर तपासून घ्या, उगाच बॅटरी बदलू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी, बुरशीसारखी पूड दिसली तर तीही साफ करून घ्या, आपल्या दमट हवेत ती हमखास येते.

आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करून बघा. गाडीत कंपनीचंच ऑटो स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) असेल तर ईएफबी किंवा एजीएमच, म्हणजे वारंवार स्टार्ट झेलायला बनवलेली बॅटरी लागते, दुकानदार साधी देत असेल तर घेऊ नका.