हृदयविकाराच्या रुग्णांची नोंदवही ठेवल्याने रुग्णालयातील उपचार खरोखर सुधारतात का?

सुधारतात, पण नोंदवहीतील आकडे उपचार करणाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा ठेवले गेले तरच.

छातीत कळ किती वाजता आली, रुग्ण दारात केव्हा पोहोचला, ईसीजी केव्हा निघाला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन केव्हा दिले, अ‍ॅस्पिरिन मिळाली का, घरी जाताना कोणती औषधे लिहून दिली, एवढ्या साध्या रकान्यांतून उशीर नेमका कुठे होतो ते दिसते. भारतातील ८९ केंद्रांच्या ‘क्रिएट’ नोंदवहीत (२००१ ते २००५) वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात एसटी-उंचावलेल्या झटक्याच्या (ईसीजीतील ‘एसटी’ हा भाग वर उचललेला दिसतो अशा गंभीर प्रकारच्या झटक्याच्या) रुग्णांना रुग्णालय गाठायला लागलेला मध्यक वेळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना याहून जास्त) ३६० मिनिटे होता, म्हणजे मोलाचे सहा तास दारापर्यंत येण्यातच गेले. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के, तर श्रीमंतांत ५.५ टक्के होते आणि मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरताच ही दरी नाहीशी झाली. माझ्या मते एवढा एक निष्कर्षही असा सारा खटाटोप सार्थकी लावतो, कारण गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते.

केरळमधील ६३ रुग्णालयांत पुढे तपासणी-याद्या, प्रमाणित सूचनापत्रके आणि दरमहा स्वतःच्या कामगिरीचा अहवाल देऊन पाहण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत योग्य औषधे मिळण्याचे प्रमाण वाढले, मात्र मृत्यू व अन्य गंभीर घटनांतील घट सांख्यिकीय कसोटीवर सिद्ध झाली नाही.