तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करताना, क्लास न लावता आयआयटी जॅम फिजिक्स निघेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एसवायला आहात, पुढे आयआयटीत एमएस्सी फिजिक्स करायचं आहे, पुण्यात खोली घेऊन वर्षभर क्लास लावणं घरच्यांना झेपणारं नाही. मग सुरुवात कुठून करायची, आणि जॅम, म्हणजे या एमएस्सीची प्रवेश परीक्षा, नाहीच निघाली तर काय?

निघते. मी सातारा जिल्ह्यातल्या साध्या कॉलेजातून क्लासशिवायच ही परीक्षा दिली आणि आयआयटीत एमएस्सी केलं. आमच्या वर्गात क्लासवालेही होते आणि माझ्यासारखेही होते. पहिली सेमिस्टर संपेपर्यंत कोण कुठला हे ओळखू येईनासं झालं. क्लासचा खरा उपयोग एवढाच की रोज कुणीतरी समोर चार गणितं टाकतं आणि ती सोडवल्याशिवाय सुटका नसते. ही सक्ती स्वतःवर लादता येत असेल तर बाकी सगळं घरबसल्या मिळतं.

आधी पेपर कसा असतो ते बघा, कारण तयारीची दिशा त्यावरूनच ठरते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. संगणकावर. ३० प्रश्न चार पर्यायांचे, त्यातले १० एका गुणाचे आणि २० दोन गुणांचे. उत्तर चुकलं तर प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. मग १० प्रश्न असे की चारपैकी एक किंवा जास्त पर्याय बरोबर असतात. प्रत्येकी दोन गुण, निगेटिव्ह नाही, पण सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. अर्धवटाला काही नाही. शेवटचे २० प्रश्न पर्याय नसलेले, आकडा टाकायचा. त्यालाही निगेटिव्ह नाही. पेपर फक्त इंग्रजीत असतो. त्याची धास्ती घेऊ नका, भाषा ठरावीक आणि कोरडी असते. दहा वर्षांचे पेपर सोडवेपर्यंत तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात.

आता मुख्य गोष्ट. जॅमचा सिलॅबस आपल्या विद्यापीठाच्या बीएस्सीच्या सिलॅबसपेक्षा फार वेगळा नाही. मॅथेमॅटिकल मेथड्स, मेकॅनिक्स, वेव्ह्ज आणि ऑप्टिक्स, इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, कायनेटिक थिअरी आणि थर्मो, मॉडर्न फिजिक्स, सॉलिड स्टेट आणि इलेक्ट्रॉनिक्स. यातलं जवळपास सगळं तुमच्या वह्यांमध्ये आहे किंवा टीवायला येणार आहे. अडचण वेगळीच आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत आपल्याला 'सिद्ध करा' आणि 'टीप लिहा' याची सवय लागते. गाउसचा नियम लिहून काढला, कार्नो इंजिनाची कार्यक्षमता काढून दाखवली की पूर्ण गुण. जॅममध्ये ते कुणी विचारतच नाही. ते येतं हे गृहीत धरून प्रश्न पुढून सुरू होतो.

एक उदाहरण नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळी तयारी अशीच व्हायला हवी. एक भरीव गोळा आहे, त्यात सगळीकडे सारख्या घनतेने चार्ज भरला आहे. त्यात एका बाजूला एक गोल पोकळी कोरली आहे. तिचं केंद्र गोळ्याच्या केंद्रावर नाही. पोकळीच्या आत इलेक्ट्रिक फील्ड किती? गाउसचा नियम पाठ असलेला मुलगा इथे अडकतो, कारण सममिती मोडली आहे आणि गाउसियन सरफेस कुठे काढावा ते सुचत नाही. युक्ती अशी: पोकळी म्हणजे 'काही नाही' असं समजूच नका. अख्खा धन चार्जचा गोळा आहे, आणि पोकळीच्या जागी तेवढ्याच घनतेचा ऋण चार्जचा छोटा गोळा वर ठेवला आहे असं धरा. भरीव गोळ्याच्या आतलं फील्ड तुम्हाला येतंच: घनता गुणिले केंद्रापासूनचं अंतर, भागिले तीन एप्सिलॉन-नॉट. दोन्ही फील्ड सदिश म्हणून मिळवा. बिंदूची जागा दर्शवणारा भाग कटून जातो आणि उरतं फक्त घनता गुणिले दोन केंद्रांमधलं अंतर, भागिले तीन एप्सिलॉन-नॉट. म्हणजे पोकळीत कुठेही उभे राहा, फील्ड सारखंच, आणि दिशा एका केंद्राकडून दुसऱ्याकडे.

बहुतेक जण इथे टिकमार्क करून पुढच्या गणिताकडे जातात. तुम्ही थांबा. हीच युक्ती आणखी कुठे चालेल? लांब जाड तारेतून सारख्या घनतेचा करंट वाहतोय आणि तारेत अक्षापासून बाजूला एक लांब गोल भोक आहे. भोकातलं मॅग्नेटिक फील्डही एकसारखंच निघतं, फक्त तीनच्या जागी दोन येतो आणि दिशा दोन अक्षांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात. एकसारख्या घनतेच्या ग्रहात गुहा असेल तर तिथलं गुरुत्वाकर्षणही तसंच. पोकळी मोठी केली, अगदी कडेला नेली, केंद्रावर आणली तर काय होईल? केंद्रावर आणली की अंतर शून्य, फील्ड शून्य, आणि ते तर गाउसच्या नियमानेही थेट दिसतं. एका गणितात अर्धा तास गेला तर जाऊ द्या, चार गणितं झाली आहेत. जुन्या पेपरांमध्ये अशी कुटुंबं ओळखता आली की फेब्रुवारीत नवा प्रश्न नवा वाटत नाही.

थर्मोचंही तसंच. सारख्या उष्णताधारकतेच्या दोन वस्तू, एक ४०० केल्विनला, दुसरी १०० ला. एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर २५० वर येतात, हे शाळेतलं. पण त्यांच्यामध्ये रिव्हर्सिबल इंजिन चालवलं तर दोघी २०० वर येऊन थांबतात, कारण आता एकूण एन्ट्रॉपी बदलत नाही आणि शेवटचं तापमान हे सरासरी नसून गुणाकाराचं वर्गमूळ आहे. मधला फरक म्हणजे तुम्हाला मिळालेलं काम. कार्नोची डेरिव्हेशन दहा वेळा लिहून हे सुचत नाही, असं एक गणित स्वतः सोडवलं की कार्नोही समजतो.

म्हणून व्हिडिओंबद्दल माझं मत जरा कडक आहे. यूट्यूबवर चांगले शिक्षक आहेत, फुकट आहेत, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ते मोठं वरदान आहे. पण दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना सगळंच सोपं वाटतं. एखादी संकल्पना कॉलेजात नीट झालीच नसेल तर तेवढ्यापुरता व्हिडिओ बघा. जुन्या पेपरच्या सोल्युशनचा व्हिडिओ मात्र स्वतः तासभर डोकं आपटल्याशिवाय उघडू नका. जुने पेपर आणि उत्तरतालिका जॅमच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

पुस्तकं कमी ठेवा. इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमला ग्रिफिथ्स, मेकॅनिक्सला क्लेपनर-कोलेनकाव, ऑप्टिक्सला घटक. बाकी विषयांना कॉलेजच्या लायब्ररीत जे आहे ते चालेल. ग्रिफिथ्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही, पण पहिलं प्रकरण सोडू नका. त्यातलं व्हेक्टर कॅल्क्युलस पक्कं झालं की जॅमच्या गणित विभागाचाही एक तुकडा होऊन जातो. क्लेपनरची गणितं अवघड आहेत. प्रकरणातली निम्मी सुटली तरी मेकॅनिक्सची काळजी करू नका.

एसवायची उन्हाळी सुट्टी फार महत्त्वाची आहे. टीवायला सेमिस्टर, इंटर्नल, प्रॅक्टिकलची जर्नलं यात दिवस जातात, आणि जॅम असते फेब्रुवारीतल्या एका रविवारी. म्हणजे सहाव्या सेमिस्टरचं बरंच काही कॉलेजात शिकवून झालेलंच नसतं. मॉडर्न, सॉलिड स्टेट असे जे विषय तुमच्याकडे शेवटच्या वर्षात येतात ते आधीच स्वतः करावे लागतील. सुट्टीत गणित आणि मेकॅनिक्स उरका, पावसाळ्यात इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम आणि थर्मो, दिवाळीपर्यंत उरलेलं. दिवाळीनंतर नवीन काही उघडायचं नाही, फक्त पेपर. इलेक्ट्रॉनिक्सकडे मुलं तुच्छतेने बघतात. ऑप-अॅम्प आणि बूलियन अल्जिब्रावरचे प्रश्न थोड्या मेहनतीत गुण देऊन जातात, ते का सोडायचे?

पेपर घड्याळ लावून सोडवा आणि हातात कॅल्क्युलेटर घेऊ नका. परीक्षेत स्वतःचा नेता येत नाही, स्क्रीनवरचा माउसने चालवावा लागतो आणि कीबोर्डही वापरता येत नाही. तो भयंकर सावकाश चालतो. त्यावर कोन टाकण्याआधी डिग्री आहे की रेडियन ते बघा. आकड्यांच्या प्रश्नात किती दशांश स्थळांपर्यंत आणि कुठल्या एककात उत्तर मागितलंय ते दोनदा वाचा. गणित बरोबर येऊन तिथे गुण गेले की फार लागतं.

अंदाजाने ठोकावं की नाही, हे सगळेच विचारतात. साधा हिशोब आहे. चारही पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने हाती शून्य येतं: चारात एकदा पूर्ण गुण, तीनदा एक तृतीयांश वजा. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर पारडं तुमच्या बाजूला झुकतं, आणि दोन बाद झाले तर दोन गुणांच्या प्रश्नात सरासरी दोन तृतीयांश गुण पदरात पडतो. म्हणून बाद करायला शिका. एकक जुळतं का बघा. मग टोकाची स्थिती लावून बघा: वजनदार पुलीच्या गणितात पुलीचं वस्तुमान शून्य केल्यावर अकरावीतलं उत्तर परत यायलाच हवं, ज्या पर्यायात येत नाही तो गेला. आकड्याच्या प्रश्नांना तर निगेटिव्हच नाही, तिथे रिकामं काहीही ठेवू नका. आणि पेपर देऊन आल्यावर साठ टक्क्यांच्या खाली आहोत म्हणून रडू नका. बारावीच्या मार्कांची सवय इथे उपयोगाची नाही, या पेपरात साठ म्हणजे खूपच चांगले गुण आहेत.

अर्जाबद्दल दोन गोष्टी. दरवर्षी एखादी आयआयटी किंवा बंगळुरूची आयआयएस्सी आळीपाळीने परीक्षा घेते आणि नोंदणी साधारण सप्टेंबरात सुरू होते. शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करता येतो. पण पात्रतेच्या अटी संस्थेनुसार बदलतात, आणि फिजिक्सच्या एमएस्सीला पदवीत काही सेमिस्टर गणित असणं बऱ्याच ठिकाणी मागतात. तुम्ही एसवायला विषय निवडताना गणित सोडलं असेल तर आत्ताच माहितीपत्रक उघडून बघा, टीवाय संपल्यावर नव्हे.

नाहीच झालं तर काय, याचं उत्तर असं की फक्त जॅमवर बसूच नका. याच तयारीवर बाकीच्या परीक्षा देता येतात. टीआयएफआरची, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, जीएस ही प्रवेश परीक्षा डिसेंबरात असते; बीएस्सीनंतर तिथल्या इंटिग्रेटेड एमएस्सी-पीएचडीला जाता येतं. प्रश्न कमी घोटीव आणि जास्त विचार करायला लावणारे असतात, जॅमच्या आधी दिली तर स्वतःची पारख होते. जेस्ट आहे, संशोधन संस्थांच्या पीएचडी आणि इंटिग्रेटेड पीएचडीसाठी. दिल्ली, हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी. जॅमच्याच गुणांवर बंगळुरूच्या आयआयएस्सीची इंटिग्रेटेड पीएचडी आणि एनआयटींमधल्या एमएस्सीच्या जागा मिळू शकतात, त्यांचा प्रवेश वेगळ्या खिडकीतून होतो, म्हणून आयआयटीची यादी लागली नाही की संकेतस्थळ बघणं बंद करू नका. फॉर्म फी मात्र सगळ्यांची मिळून बरीच होते, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. एससी, एसटी प्रवर्गाला आणि मुलींना जॅमच्या फीत सवलत असते.

पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागासाठी विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तीही भरा. तिथे एमएस्सी करून पुढे नेट किंवा जेस्ट देऊन चांगल्या संस्थांत पीएचडीला गेलेली मुलं मला माहीत आहेत, आणि त्याच आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था असल्यामुळे त्या विषयाची आवड असेल तर व्याख्यानं ऐकायला सायकलवर जाता येतं.

यंदाच्या सुट्टीत कुठल्या प्रकरणापासून सुरू करताय ते कमेंटमध्ये लिहा. मेकॅनिक्सची माझी जुनी गणितांची वही स्कॅन करून ठेवली आहे, हवी असेल तर देतो. अक्षर वाईट आहे, तेवढं चालवून घ्या.