चेक कपाटातच पडून होता

"मॅडम, इतकी वर्षं इमानदारीने काम केलं तरी मलाच काढलं, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार ना?" हा प्रश्न मला समुपदेशनात सारखा ऐकायला मिळतो, नोकरी गेलेल्यांकडून आणि ज्यांची अजून गेलेली नाहीये त्यांच्याकडूनपण. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 52, सरकारी कारखान्यात 27 वर्षं फिटर. कारखाना खाजगी मालकाला विकला आणि कपातीच्या याद्या लागायला लागल्या, पहिल्या तीन याद्यांत याचं नाव नाही, चौथीत आलं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) झोप उडाली होती ती पहिल्या यादीपासून, आणि नाव आलं त्या रात्री म्हणे गाढ झोपला. हे मी खूप बघते, टांगून ठेवणंच माणसाला जास्त पोखरतं.

बायको घेऊन आली कारण भरपाईचा चेक कपाटात, मुदत संपत आलेली आणि हा बँकेत जायला तयार नाही. दोन सेशन नुसतं "जाईन हो, बघू" चाललं. तिसऱ्यात बोलला, "भरला की संपलं ना, मग मी कोण?"

इथे मी चूक केली, आकडे सांगत बसले. पूर्व जर्मनीत 1990 मध्ये सरकारी कंपन्या विकायला काढल्या तेव्हा त्यात साधारण 40 लाख लोक कामाला होते, 1994 संपताना जेमतेम 15 लाख नोकऱ्या उरल्या, मग बाकीचे सगळे नालायक होते का? त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "असतील 25 लाख, माझ्या घरात मी एकटाच आहे." बरोबरच होतं त्याचं.

मग विचारलं, काल दिवसभर काय केलं? सांगताच येईना. तेव्हा त्याला मारीएन्थालचं सांगितलं. ऑस्ट्रियातल्या या गावातली कापड गिरणी बंद पडली आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला, तो काळ मंदीचा, पण माणसं अशीच, हातात वेळच वेळ असून लायब्ररीतून पुस्तकं नेणं उलट कमी झालेलं आणि पुरुष रस्त्याने हळू चालायला लागलेले. पगारासोबत काम दिवसाला आकार देतं, चार माणसं देतं, ते गेलं की येणारं रिकामपण आपल्याला स्वतःचा आळशीपणा वाटतो. यावर मात्र तो चमकला, "मीपण हळू चालतो, ही ओरडते त्यावरून!"

पहिल्या शिफ्टचा अलार्म त्याने अजून बंद केला नव्हता. म्हटलं नकाच करू, उठून जायचं कुठे तेवढं ठरवू. त्याच यादीतले जुन्या खात्यातले दोघं होते, तिघंही लाजेपोटी एकमेकांना टाळत होते, ते रोज सकाळी भेटायला लागले. चेकपण त्या दोघांनीच सोबत नेऊन भरायला लावला, त्यात माझं काही श्रेय नाही.

आता तो कंत्राटावर आहे, तीन-तीन महिन्यांच्या. प्रत्येक कंत्राट संपायच्या आधी आठवडाभर झोप जाते, मग फोन येतो, "मॅडम, तो आठवडा आलाय", आणि आम्ही भेटतो.