गडद बिअर आणि शरदातली संध्याकाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उन्हाळाभर मी फिकट रंगाची, थंडगार लागर (कमी तापमानाला आंबवलेली बिअर) पितो. हवा पालटू लागली की मित्र गडद क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या उत्पादकांची बिअर, घेण्याचा आग्रह धरतात. पण एवढी काळी बिअर नक्कीच जास्त कडक असणार, या धास्तीने मी ती टाळतो. माझी समजूत बरोबर आहे का?

उत्तर : आपली समजूत फार जणांची असते, पण ती चुकीची आहे. बिअरचा रंग धान्य किती भाजले यावर ठरतो, तर मद्यार्काचे प्रमाण धान्यातील किती साखर यीस्टने आंबवली यावर. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ काहीच संबंध नाही. डब्लिनच्या गिनेस कंपनीची काळीभोर ड्राफ्ट स्टाऊट (भाजलेल्या धान्याची गडद बिअर) अनेक देशांत ४.२ टक्के मद्यार्काची मिळते, नेहमीची फिकट लागर साधारण ५ टक्क्यांची असते, आणि सोनेरी रंगाची, दिसायला अगदी निरागस अशी ‘ट्रिपल’ नावाची बेल्जियन बिअर ८ ते ९ टक्क्यांपर्यंत सहज पोहोचते.

रंग आणि कडकपणा यांची फारकत कशी झाली, याची हकिगत सांगण्यासारखी आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर ही बिअर लोकप्रिय झाली, तेव्हा ती तपकिरी माल्टपासून, म्हणजे मोड आणून चांगल्या खरपूस भाजलेल्या सातूपासून करीत. पुढे द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर हे उपकरण बिअर करणाऱ्यांच्या हाती आले आणि तपकिरी माल्टमधून फिकट माल्टपेक्षा बरीच कमी साखर मिळते, हे आकड्यांत दिसू लागले. हिशेबी मंडळी फिकट माल्टकडे वळली खरी, पण मग पोर्टरचा रंग आणि चव कुठून आणायची? १८१७ साली डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. कॉफीच्या बिया भाजाव्यात तसे त्यात माल्ट न जळता काळे होई, आणि त्यातला अगदी थोडा माल्ट संपूर्ण घाण्याला रंग देण्यास पुरेसा होई. आजही बहुतेक स्टाऊटमध्ये काळ्या धान्याचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. बाकीचा माल्ट बहुतांशी फिकटच. तेव्हा रंगाला घाबरू नये, बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा वाचावा. इम्पीरियल स्टाऊट हा स्टाऊटचा कडक प्रकार ८ ते १२ टक्क्यांचा असू शकतो, आणि तिथे मात्र आपली धास्ती योग्य ठरेल.

प्रश्न : गडद बिअरचा शरद ऋतूशी खरोखर काही संबंध आहे, की ही विक्रेत्यांची क्लृप्ती?

उत्तर : थोडी क्लृप्ती आहे, पण सगळी नाही. शीतकरणाची यंत्रे येण्यापूर्वी उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास नासत असे. जर्मनीतील बव्हेरियात तर १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदीच घालण्यात आली. म्हणजे शरद ऋतू हा भट्ट्या पुन्हा पेटण्याचा काळ होता. उत्तर गोलार्धात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांची, तोडणीही साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. मात्र ताज्या हॉप्सचा खरा लाभ फिकट बिअरला होतो, गडद बिअरमध्ये त्यांचा सुगंध भाजलेल्या धान्याखाली दडपून जातो.

माझ्या मते खरे कारण पिणाऱ्याच्या बाजूला आहे. उकाड्यात आपल्याला तहान भागवायची असते. गार पडलेल्या संध्याकाळी ती घाई नसते, आणि कॉफी, कडू चॉकलेट, पावाचे खरपूस कवच, काकवी यांची आठवण करून देणारी चव घोटाघोटाने घेता येते. मद्याने अंगात ऊब येते हा मात्र निव्वळ भास आहे : त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, पण त्यामुळे शरीरातील उष्णता उलट लवकर बाहेर पडते.

प्रश्न : मी आणलेली पोर्टर फ्रिजमधून काढून लगेच प्यालो, तर ती नुसती कडू आणि पाणचट लागली. बिअर खराब होती का?

उत्तर : बहुधा बिअर चांगली होती, पण फार थंड होती. ३-४ अंश सेल्सिअसला सुगंधी द्रव्ये हवेत फारशी उडत नाहीत, गोडवा जिभेला कमी जाणवतो, आणि शिल्लक राहतो तो कडवटपणा. पोर्टर आणि साधी स्टाऊट ८ ते १२ अंशांना, तर इम्पीरियल स्टाऊट १२ ते १४ अंशांना खुलते. बाटली अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावी. ग्लास बर्फात गोठवण्याची हौस इथे नको. तो स्वच्छ मात्र असावा, कारण तेलकटपणाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. ओतल्यावर ग्लास दिव्यासमोर धरून पाहावा : काळी वाटणारी पुष्कळशी बिअर कडेला माणकासारखी लाल दिसते.

प्रश्न : सुरुवात कोणत्या प्रकाराने करावी? पोर्टर आणि स्टाऊट यांत नेमका फरक काय?

उत्तर : फरकाबद्दल जाणकारांतही एकमत नाही, आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे; ‘स्टाऊट’ हे मुळात कडक पोर्टरला लावलेले विशेषण होते. आज ढोबळमानाने पोर्टरमध्ये चॉकलेटची मृदू छटा, तर स्टाऊटमध्ये भाजलेल्या सातूचा कॉफीसारखा कोरडा कडवटपणा अपेक्षित असतो. लागरची सवय असलेल्याने म्युनिकच्या डंकेल या गडद बिअरपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. तीही लागरच आहे, फक्त तिच्यात पावाच्या कवचासारखी चव असते आणि करपटपणा जवळपास नसतो. त्यानंतर पोर्टर, मग ओट घातलेली मऊ स्टाऊट. मिल्क स्टाऊट गोडसर लागते, कारण तिच्यात दुधातील लॅक्टोज ही साखर घालतात आणि बिअरचे यीस्ट ती आंबवू शकत नाही. दूध न पचणाऱ्यांनी ती टाळावी.

प्रश्न : भावाने एक पोर्टर भेट दिली आहे. पुढच्या शरदापर्यंत कपाटात ठेवली तर ती मुरेल का?

उत्तर : साधी पोर्टर मुरत नाही, शिळी होते, कॉफीचा सुगंध उतरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. राखून ठेवायचीच असेल तर ९ टक्क्यांच्या पुढची कडक स्टाऊट घ्यावी आणि ती उभी, अंधारात व गार जागी ठेवावी. भावाची बाटली या आठवड्यातच उघडावी.

प्रश्न : स्टाऊटमध्ये लोह भरपूर असते, म्हणून ती पौष्टिक, असे आमच्या घरातील एक वडीलधारे सांगतात.

उत्तर : या समजुतीला १९२९ पासून ब्रिटनमध्ये झळकलेल्या गिनेसच्या ‘गिनेस तुमच्यासाठी चांगली’ अशा अर्थाच्या जाहिरातींनी मोठे बळ दिले. प्रत्यक्षात एका ग्लासात लोह एका मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. त्यांना आदरपूर्वक सांगावे की लोहासाठी पालेभाज्या आणि कडधान्ये खावीत. स्टाऊट चवीसाठीच प्यावी आणि एका ग्लासावर थांबावे.