खालून तापवलेल्या बंद डब्यात इतका गोंधळ असूनही सगळं पाणी मिळून एकाच दिशेने का फिरतं? आणि मधेच उलटं का होतं?

हा तुमचा प्रश्न वाचला. त्यावर तुमचे गाईड ‘डबा तिरका असेल’ म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. नेमकं हेच वाक्य मी नागपुरात एम.एस्सी.च्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांकडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमचा डबा ॲक्रिलिकचा, वीतभर उंच. खाली इतवारीतून आणलेला तांब्याचा पत्रा आणि हीटर, वर ट्रेमध्ये बर्फाचं पाणी. मे महिना, खोलीतच चाळिशी पार, म्हणून चारही बाजूंना थर्मोकोल. बघायच्या वेळी पुढचा-मागचा काढायचा, मागून टॉर्च मारायचा आणि समोर ट्रेसिंग पेपर धरायचा. गरम धारांच्या सावल्या कागदावर उमटतात. तळाशी बारीक धारा उगवायच्या, पण सरळ वर जायच्या नाहीत. आधी तळाला घासत एकाच भिंतीकडे सरकायच्या आणि तिथून घोळक्याने वर चढायच्या. समोरच्या भिंतीलगत थंड धारा खाली यायच्या. एवढ्याशा डब्यातही तळ आणि वरची बाजू यांत पंधरा अंशांचा फरक ठेवला की रेले अंक, म्हणजे उष्णतेने पाणी ढवळण्याचा जोर किती ते सांगणारा आकडा, अब्जाच्या घरात जातो. खूप पसरट थरात प्रवाह सुरू व्हायला 1708 पुरतो.

डबा तिरका असता, तर दर वेळी तीच भिंत निवडली गेली असती. आम्ही हीटर बंद करून रात्रभर पाणी निवू द्यायचो. सकाळी पुन्हा सुरू केलं की चक्र कधी या बाजूने, कधी त्या. सगळं वहीत तारखेनिशी होतं. परीक्षकांनी वही उघडली नाही आणि मार्क कापले. हा अन्याय होता, असं मी आजही म्हणतो. कृष्णमूर्ती आणि हॉवर्ड या संशोधकांनी असा मोठा प्रवाह 1981 मध्येच प्रयोगातून मांडला होता.

कारण असं: वर जाणारी धार शेजारचं पाणी ओढते, शेजारच्या धारा तिच्याकडे झुकतात, घोळका होतो. घोळक्याने चक्र सुरू होतं आणि तेच चक्र नव्या धारा त्याच भिंतीकडे लोटतं. उलटं होण्याचं म्हणाल, तर चौकोनी डब्याच्या कोपऱ्यांतले उलटे भोवरे वाढत जाऊन मोठं चक्र तोडतात. आयआयटी कानपूरच्या महेंद्र वर्मांच्या गटाने हे द्विमितीय सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सपाट नमुन्यात, तपासलंय. नळकांड्यासारख्या गोल डब्यात मात्र चक्र कधी उभ्या अक्षाभोवती वळत जातं, कधी थांबून दुसऱ्याच दिशेने सुरू होतं.

एक सांगायचं राहिलं. तिरकेपणाचा परिणाम होतो, नाही असं नाही. संशोधक मुद्दाम अंशभर कल देऊन चक्राची दिशा पक्की करतात. पण कल फक्त दिशा ठरवतो, चक्र जन्माला घालत नाही. शिवाय एकच चक्र हे उंचीइतक्याच रुंद डब्यापुरतं. पसरट डब्यात अनेक चक्रं शेजारी शेजारी दिसतील.

तुम्ही सॉफ्टवेअरबद्दलही विचारलंय, ते नंतर बघा. आधी डब्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि दर सुरुवातीची दिशा लिहून काढा. मग ती वही गाईडच्या टेबलावर उघडून ठेवा आणि ते वाचेपर्यंत तिथून हलू नका.